तुम्ही सही केलेलं एखादं पडलं का काका?

मी एअर फोर्समध्ये इंजिन फिटर होतो, सार्जंट म्हणून बाहेर पडलो आणि आता नागपुरातल्या एका एएमई इन्स्टिट्यूटमध्ये पोट्ट्यांना टर्बाइन इंजिन आणि मेंटेनन्स प्रॅक्टिस शिकवतो. एएमई म्हणजे विमानाची देखभाल करणारा इंजिनिअर, पायलट नाही, हे दर ॲडमिशनला पालकांना सांगावं लागतं आणि तरी अर्धे पालक "पण नंतर उडवता येईल ना" म्हणून विचारतातच.

तर २६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार, नवरात्र चालू, आणि त्या दिवशी चंदीगडला एअर फोर्सचं मिग-२१ फायटर विमान रिटायर होणार. मी ऑफिसला आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं की सकाळची लेक्चरं नको, हँगरमध्ये प्रोजेक्टर लावून पोरांना लाइव्ह दाखवतो. ऑफिसचं उत्तर आलं, "सर, सिलॅबसमध्ये आहे का?" नाही बाबा, सिलॅबसमध्ये नाही. शेवटी मॉड्यूल १५ चं प्रॅक्टिकल दाखवून परवानगी काढली. गॅस टर्बाइन तर गॅस टर्बाइन, खोटं काही नव्हतं त्यात.

आमचा एक विद्यार्थी स्पॉटर लोकांच्या ग्रुपमध्ये आहे, त्यानं विचारलं त्यांना बोलावू का, मी म्हटलं बोलाव. हे स्पॉटर म्हणजे विमानं टिपायला विमानतळाच्या शिवणगावकडच्या बाजूनं उन्हात लांब लेन्स घेऊन तासन् तास उभे राहणारे लोक. गार्ड हाकलतो, हे पन्नास पावलं सरकतात, परत उभे. (गार्डच्या जागी मी असतो तर मीही हाकललं असतं, पण ते वेगळं.) बँकेत नोकरी करणारा एक, मेडिकलचा एक, फोटोग्राफीचा धंदा असलेला एक आणि नववीतला एक बारका पोट्टा, हातात दोनशेपानी वही. बहुतेकांना हे वेड लागलं ते २०२२ च्या नोव्हेंबरात वायुसेनानगरला एअरफेस्ट झाला तेव्हापासून. नागपुरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, ओझरचा ११ बीआरडी, म्हणजे विमानं दुरुस्त करणारा डेपोसुद्धा याच कमांडखाली येतो, पण इथं फायटर स्क्वॉड्रन नाही, त्यामुळे इथल्या पोरांना मिग पोट भरून पाहायला मिळालं नाही कधी.

लाइव्ह सुरू झालं आणि पहिला वैताग आवाजाचा. जे चॅनल लावावं तिथे एकतर अँकर ओरडतोय नाहीतर मागे देशभक्तीचं म्युझिक. अरे विमान चाललंय ना समोर, त्याचा आवाज ऐकू द्या की! स्पॉटर आणि मी, आमचं एकमेकांशी पहिलं जमलं ते इथेच. तो बँकवाला चॅनल बदलत बदलत एका ठिकाणी थांबला जिथे बोलणं जरा कमी होतं, आणि टॅक्सी करताना ब्रेकचा तो फुस्स फुस्स आवाज स्पीकरमधून आला तर माझ्या अंगावर काटा. मिग-२१ चे ब्रेक हवेवर चालतात, त्यामुळे टॅक्सीवेवर ते उसासे टाकत जातं. माझे विद्यार्थी म्हणाले, "सर, लीक आहे का?" म्हटलं नाही राजा, ते तसंच असतं.

आता हा आवाजाचा मुद्दा मी जरा लांबवतो कारण बाहेरच्यांना वाटतं आवाज म्हणजे हौस. आमचं अर्धं काम कानावर चालायचं. पायलट उतरला, इंजिन बंद केलं, की रोटर, म्हणजे इंजिनचा फिरणारा भाग, पूर्ण थांबायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजायचा. ठरलेल्या वेळेच्या आधी थांबला तर आत कुठेतरी घासतंय, बेअरिंग म्हणा, सील म्हणा. आणि ते मोजत असतानाच कान लावायचा, कारण घासल्याची किरकिर घड्याळाच्या आधी कळते. शेजारच्या विमानाचं इंजिन चालू असलं की वैताग यायचा. आणि काही निघालंच तर इंजिन बाहेर काढणं आलं. मिग-२१ मध्ये ते वरून किंवा खालून निघत नाही, विमानाचं मागचं अंग शेपटासकट जोडावरून सुटं करून ट्रॉलीवर मागे ओढायचं, मग आतलं इंजिन उघडं पडतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं हे परत कसं बसणार. बसतं. प्रत्येक पाइप, प्रत्येक केबल परत जोडायची, नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून तारेची लॉकवायर मारायची, मग रन-अप पॉइंटवर विमान बांधून जमिनीवरच इंजिन चालवायचं, म्हणजे ग्राउंड रन, थेट रिहीटपर्यंत (आफ्टरबर्नर म्हणतात ते). रात्रीच्या ग्राउंड रनला रिहीटच्या ज्वाळेत जे चौकटीचे इक्के दिसतात ना एकामागे एक, ते पाहिलेल्या माणसाला गरब्याच्या लायटिंगचं कौतुक राहत नाही. कोरापुटला बनलेली इंजिनं, नाशिकला बनलेली बॉडी, डिझाइन रशियाचं, आणि हात आमचे.

स्क्रीनवर बादल फॉर्मेशन आलं, त्यात तेव्हाचे वायुसेनाप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग स्वतः. विमानं २३ स्क्वॉड्रनची, म्हणजे पँथर्सची. १९६३ साली पहिली मिग-२१ याच चंदीगडला आली आणि ६२ वर्षांनी तिथूनच निरोप. मेडिकलवाला रडत होता, खरोखर रडत होता, आणि माझे विद्यार्थी त्याच्याकडे पाहून एकमेकांना कोपर मारत होते. मी त्यांच्यावर डोळे वटारले. नेमकं उतरायच्या वेळी आमचं नेट गेलं. फिरतंय, फिरतंय, फिरतंय, आणि परत आलं तोपर्यंत विमानांवर पाण्याचे फवारे चालू होते. म्हणजे शेपटातून ब्रेक पॅराशूट उघडतं तो क्षण गेला. तीनशेच्या वर स्पीडनं टेकणारं विमान त्या कापडाच्या जोरावर आवरतं, आणि मला नेमकं तेच दाखवायचं होतं.

मग शेवटी फॉर्म ७०० संरक्षणमंत्र्यांच्या हाती दिला. टीव्हीवाल्यांनी सांगितलं "महत्त्वाची कागदपत्रं". मी प्रोजेक्टर पॉज केला आणि सांगायला लागलो की बापहो, आजच्या कार्यक्रमातली मुख्य गोष्ट ही आहे. फॉर्म ७०० म्हणजे त्या विमानाचं रजिस्टर. किती तास उडालं, कोणता स्नॅग, म्हणजे बिघाड निघाला, कोणी दुरुस्त केला. उड्डाणाआधी प्रत्येक ट्रेडचा माणूस आपापलं पाहून त्यात सही करतो, इंजिन, एअरफ्रेम, इलेक्ट्रिकल, सीट, शस्त्रं. पायलट ते वाचून शेवटी स्वतः सही करतो आणि मगच शिडी चढतो. पायलटला माझं नाव माहीत नसेल, पण माझ्या सहीवर तो बसतो.

तेव्हा त्या नववीतल्या पोट्ट्यानं हात वर केला, शाळेतल्यासारखा. "काका, तुम्ही सही केलेलं एखादं पडलं का?"

हँगरमध्ये एकदम गप्प झालं. बँकवाला म्हणाला, "ए, असं विचारतेत का बे?" पण पोरगं शांत होतं, पेन हातात तयार.

मी म्हटलं, माझ्या सहीचं नाही.

पण हे म्हणायला मला जरा वेळ लागला, आणि तो वेळ सगळ्यांनी पाहिला. कारण माझ्या सहीचं नसलं तरी एका पोस्टिंगवर आमच्या लाइनमधलं एक गेलं होतं. पायलट वाचला. बाहेरच्या लोकांना वाटतं अपघात झाला की धावाधाव होते. तिकडे होत असेल, आमच्याकडे पहिले काय होतं तर कागद सील होतात. फॉर्म ७०० कुलपात. ज्याची इंजिनची सही होती तो माझा रूममेट, आणि तो आपल्या खाटेवर बसून मनातल्या मनात सकाळचं सर्व्हिसिंग परत परत करत होता, हातांसकट, हवेतच, इथे पाहिलं, इथे पाहिलं, कॅप लावली, लावली ना? नंतर पक्षी धडकला असं निघालं. त्याचा काही संबंध नव्हता. हे निघेपर्यंत तो जेवला की नाही मला आठवत नाही.

हे सगळं मी पोरांना सांगितलं नाही. त्या पोट्ट्याला मात्र बाजूला बोलावून विचारलं, काहून रे, हेच काहून विचारलं? त्यानं वही उघडली. रकाने आखलेले. टेल नंबर, टाइप, स्क्वॉड्रन, आणि शेवटचा रकाना: पुढे काय झालं. कुणापुढे "अमुक चौकात उभं", कुणापुढे "म्युझियम", आणि कितीतरी ओळींपुढे लाल पेनानं तारीख. सुंदर अक्षर, आणि लाल ओळी थोड्याथोडक्या नव्हत्या. त्याला माझ्याकडून फक्त एखाद्या रिकाम्या रकान्यात भरायला काही मिळतं का ते पाहायचं होतं.

इतकी वर्षं मी या हौशी लोकांना रिकामटेकडे समजत आलो. पण टीव्हीवाले एक दिवस "उडती शवपेटी" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच विमानावर फुलं उधळतात. आमचे जुने लोक भेटले की १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याचं गव्हर्नर हाऊस कसं उडवलं तेच सांगतात. हॉक ट्रेनर यायला २००८ उजाडलं, तोवर नवखी पोरं किरण या साध्या ट्रेनर विमानावरून एकदम या तापट विमानावर चढवली जात होती, यावर कोणी बोलत नाही. आणि हा पोट्टा, ज्यानं मिग-२१ प्रत्यक्ष एकदाही उडताना पाहिलं नाही, तो प्रेमानं पडलेली विमानंही लिहून ठेवतोय, उभी आहेत तीही. आपल्या प्रश्नात वाईट वाटण्यासारखं काय आहे हे त्याला कळलंच नव्हतं, आणि आता विचार करतो तर मलाही नीट सांगता येत नाही.

सगळे गेल्यावर दुपारी प्रॅक्टिकल होतं. डबल ट्विस्ट लॉकवायरिंग, आणि टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानं, बोल्ट घट्ट करणं. सकाळी सहीवर मी एवढं बोललो होतो, काही जण डोळ्यांत पाणी आणून ऐकत होते. जॉब शीट गोळा केल्या. टॉर्क व्हॅल्यू लिहिलेली, "काम केले"ची सही झालेली, "तपासले"ची सहीसुद्धा शेजारच्यानं करून दिलेली. आणि टॉर्क रेंच अजून टूल क्रिबमध्ये, म्हणजे अवजारांच्या खोलीत, बोर्डावर लटकलेलाच, कोणी इशू करून घेतला नव्हता.

सगळ्या शीट फाडल्या आणि परत पहिल्यापासून करायला लावलं. एक जण म्हणाला, "सर, साडेपाचची बस आहे." म्हटलं सातलाही असते.