रॅस झोपतो कुठे?

मे महिन्यात, पारा ४५च्या वर असताना, पांढरकवड्याजवळच्या एका गावातून फोन आला. "भाऊ, मासोळी काचीवर तोंड आपटून राह्यली नं जी. लवकर या."

मी वणीत मत्स्यपेट्या बसवून देतो, त्यांची देखभाल करतो. या जिनिंगवाल्या काकांच्या घरची प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी मीच लावलेली. तळाला वाळू नको, तिच्यात घाण साचते, हेही मीच ठरवलं होतं.

वाटलं, चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, बंद पडलं असेल. गेल्या गेल्या थर्मामीटर पाहिला: २६ अंश. क्षारताही बरोबर. पाण्यात मात्र बोटाएवढा पिवळाधमक यलो कोरिस होता, रॅस या समुद्री माशांच्या कुळातला. काकांच्या मुलाने नागपूरहून आणून सकाळीच सोडला होता. विकणाऱ्याने 'प्रवाळांना त्रास देत नाही' एवढंच सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. पण हा मासा रात्री झोपायला आणि भ्यायला की लपायला वाळूत शिरतो. इथे वाळूच नाही. तो खाली सूर मारायचा, काचेवर आदळायचा, कलंडायचा, पुन्हा वर यायचा. खालचा ओठ पांढरा पडून फाटला होता. माझ्या पोटात कालवलं.

रॅस घेताना लोक रंग पाहतात, भाव विचारतात. तो झोपतो कुठे, हे आधी विचारायला हवं. यलो कोरिस आणि लेपर्ड या रॅसना बारीक वाळूचा दोनेक इंचांचा थर लागतोच. फेअरी आणि फ्लॅशर रॅस दगडाच्या कपारीत शिरतात, अंगाभोवती चिकट पातळ कोष तयार करून त्यात झोपतात. त्यांना वाळू नको, पण ते दचकले की उडी मारतात. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून टाकीवर जाळी पाहिजेच. क्लीनर रॅस मी कोणालाच देत नाही. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून जगणारा जीव तो, घरच्या टाकीत बहुतेकदा उपाशी मरतो.

काका म्हणाले, "नदीची रेती आणू का?" नको म्हटलं, तिच्या भरड दाण्यांनी अंग सोलून निघतं. माझ्या डिकीत अरॅगोनाइटच्या, म्हणजे चुनखडीसारख्या खनिजाच्या, बारीक वाळूची पिशवी होती. सूनबाईंनी केकचं काचेचं खोलगट भांडं दिलं. टाकीतून काढलेल्या पाण्यात वाळू धुतली, भांडं भरून दगडाआड ठेवलं. मासा दोनदा वरून गेला. तिसऱ्यांदा थांबला, तिरपा झाला आणि एका झटक्यात आत. वाळूचा एवढासा धुरळा उडाला, बस.

मुलाकडे आणखी एक पिशवी होती, सिक्स लाइन रॅसची. जांभळट अंगावर सहा नारंगी रेघा, फार देखणा. तोही लगेच सोडायचा होता. मी सोडू दिला नाही. एकदा जागा धरली की तो नव्या, बुजऱ्या माशाला जगू देत नाही. त्याला सगळ्यांच्या शेवटी सोडायचं. महिनाभर तो माझ्याकडे विलगीकरणाच्या टाकीत राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन. "दिसूनच नाही राह्यली. मेली वाटते. वाळू उकरून पाहू का?" मी अक्षरशः विनवणी केली, हात लावू नकोस. नव्या घरात आलेला असा रॅस काही दिवस पुरून राहतो, आणि उकरलं की पुन्हा घाबरतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आजींचा फोन आला. खुर्ची टाकीसमोर ओढून बसल्या होत्या. "डोकं काढलं बाप्पा तेनं! डोये फिरवून राह्यली."

"काही खाल्लं का, आजी?"

"थांब बापू, टाकून पाह्यते."

बर्फातलं मायसिस, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य, वितळवून ठेवायला मी सांगून आलो होतो. बराच वेळ फोनवर नुसती पंपाची घरघर.

"खाल्लं," आजी म्हणाल्या. "दोनदा खाल्लं."