उमरेड रोडचा तलाव, पट्टकादंबांचा थवा आणि त्यातला तो एक वेगळा

डिसेंबर सरत आला की नागपुरात थंडी अशी काही पडते की पहाटे पाचला गाडी काढायची म्हणजे घरच्यांचं बोलणं खाऊनच निघावं लागतं, पण पक्षीवाल्यांचे हेच तर दिवस असतात. आमच्या ग्रुपवर आठवडाभर नुसता धडाका सुरू होता. कुणाला गोरेवाड्याला ऑस्प्रे दिसला, पायात हा एवढा मासा घेऊन वाळलेल्या झाडावर बसलेला. कुणी मिहानकडच्या माळावर संध्याकाळी भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) उतरताना बघितल्या. एका ताईंना तर शहराच्या अगदी मधोमध, सेमिनरी हिल्सवर मॉर्निंग वॉक करता करता अल्ट्रामरीन फ्लायकॅचर दिसला, हिमालयातून हिवाळ्यापुरता खाली येणारा एवढासा निळा पक्षी, आणि त्याच वाटेवरून रोज शेकडो लोक जातात. नोव्हेंबरातले अमूर ससाण्यांचे फोटो अजून कुणीकुणी टाकतच होतं, ते नागालँड-मणिपूरकडून आफ्रिकेला जाताना आपल्या डोक्यावरून जातात आणि सगळ्यांना थोडे दिवस वेड लावून जातात.

मग शनिवारी रात्री सरांचा मेसेज आला. उमरेड रोडच्या सायकी तलावावर पट्टकादंब (बार-हेडेड गूज, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले हंस) आलेत, थव्यात एक वेगळा वाटतोय, लांब होता, ऊनही डोळ्यावर होतं, नक्की सांगत नाही. हे 'नक्की सांगत नाही' वाचलं आणि ठरलंच. सर इतकी वर्षं पक्षी बघतायत, ते उगाच काही लिहीत नाहीत आणि खात्री नसेल तर तसं सरळ सांगतात, म्हणूनच त्यांच्या मेसेजवर लोक गाडीत पेट्रोल टाकतात.

दिघोरी नाका ओलांडला तेव्हा अंधारच होता. उमरेड रोडला कोळशाचे ट्रक सकाळपासून सुरू असतात त्यामुळे गाडी जपूनच चालवावी लागते. उजाडायला लागलं तसं दोन्ही बाजूला कापूस, तूर आणि मधेच हरभऱ्याचे हिरवे पट्टे दिसायला लागले, तारेवर कोतवाल, एका खांबावर नीलपंख फुगून बसलेला, आणि पऱ्हाटीच्या काडीवर गप्पीदास. ताई म्हणाल्या गाडी थांबवू नका, परत येताना बघू, ऊन चढायच्या आत पोचायचंय.

गाडी गावाच्या अलीकडेच लावली आणि पायी निघालो. तलावाचं पाणी हटलेलं होतं, काठाचा चिखल उघडा पडलेला, एका बाजूला बेशरमाची झुडपं गच्च. आता बेशरम तलावाला खाते हे सगळ्यांनाच माहीत आहे पण आडोशाला तिचाच उपयोग झाला. पाण्यात मधोमध बदकांचा मोठा गोतावळा, तलवार बदकं, थापट्या, गडवाल, आणि मोठ्या लालसऱ्या. मोठ्या लालसरीचा नर सकाळच्या उन्हात बघावा, डोकं असं तांबूस केशरी आणि चोच लालभडक. छोटी लालसरी मात्र अगदी थोडी होती. हा पक्षी आता जागतिक पातळीवर संकटग्रस्तांच्या यादीत आहे, त्यामुळे ती थोडीशी दिसली तरी नीट मोजायची असं आम्ही ठरवून ठेवलंय.

पट्टकादंब पाण्यात नव्हतेच. आम्ही काठ धुंडाळत होतो तेवढ्यात जाळं आवरत असलेले एक ढिवर काका म्हणाले, "ते पट्टेवाले पाहाले आले का जी? ते आता हरभऱ्यात असन. ऊन आलं का येते पाण्यावर, दिवसभर इथंच झोपून राहाते." आणि अगदी तसंच झालं. नऊच्या सुमाराला आधी आवाज आला, नाकातून काढल्यासारखा ऑंग ऑंग, आणि मग पलीकडच्या शेतांवरून रांगा करून पन्नासच्या वर पक्षी आले आणि समोरच्या चिखलावर उतरले.

इथे जरा थांबून सांगतो, कारण ज्यांनी हा पक्षी बघितला नाही त्यांना त्याचं मोठेपण कळायला पाहिजे. हे मंगोलिया, तिबेटच्या पठाराकडचे पक्षी. तिथल्या उंच तलावांवर पिल्लं काढतात आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. सॅटेलाइट टॅग लावून अभ्यास झाला त्यात एक पक्षी ७२९० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे, आणि तेही बहुतेक वेळ डोंगरांच्या चढउताराला धरून, दरीत खाली, खिंडीत वर असं उडतात, कारण एकसारखं उंच राहण्यापेक्षा त्यात कमी ताकद लागते. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच विरळ हवेतला ऑक्सिजन पकडायला जास्त तयार असतं. आणि एवढं करून तो आपल्या उमरेडच्या बाजूला कुणाच्या तरी हरभऱ्यात चरतो! मला तर दरवर्षी तेवढंच नवल वाटतं.

आता तो वेगळा. सरांनी स्कोप लावला आणि थवा डावीकडून एक एक करून बघायला सुरुवात केली. यात एक गोम आहे. पट्टकादंबाच्या त्याच वर्षीच्या पिल्लांच्या डोक्यामागे ते दोन काळे पट्टे नसतात, डोकं करडं-मळकट दिसतं, त्यामुळे लांबून ते पिल्लू कुणालाही दुसऱ्याच जातीचं वाटू शकतं. सर म्हणूनच गप्प होते. पिल्लं होतीच थव्यात, पाच-सहा तरी. आणि मग उजव्या टोकाला, जरा बाजूला, चरत चरत एक पक्षी वळला आणि सर नुसतं म्हणाले, "बघा."

मी डोळा लावला. अंगाने थोराड, शेजारच्या पट्टकादंबापेक्षा सरळ सरळ मोठा. चोच जाड आणि गुलाबी, पिवळी नाही, टोकाला काळं नाही. पायही गुलाबीच. मानेवर नांगरल्यासारख्या बारीक उभ्या रेघा, तो मान वळवायचा तेव्हा त्या उघडायच्या आणि मिटायच्या. पोटावर दोन-तीन काळसर ठिपके. डोक्यावर पट्ट्याचं नाव नाही. ग्रेलॅग! कलहंस! उत्तर भारतात भरतपूर वगैरेकडे तो थव्यांनी दिसतो, आपल्या विदर्भात मात्र विरळाच, त्यामुळे आमच्यातल्या दोघांनी तो इकडे पहिल्यांदाच बघितला. ताईंच्या डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं, आणि मला ते अगदी समजलं.

तरी सर म्हणाले पंख दिसेपर्यंत लिहू नका. ग्रेलॅग उडतो तेव्हा पंखांचा पुढचा भाग फिकट राखाडी, जवळजवळ चांदीसारखा चमकतो, तो बघितला की मग शंकाच नको. आम्ही बसून राहिलो, उठवायचं नाही हे पक्कं होतं. पण पलीकडून दोघंजण मोठ्या लेन्सा घेऊन सरळ उघड्या चिखलावरून चालत आले आणि अख्खा थवा उडाला. पंख दिसले, चांदीसारखे, फोटोही आला, पण असा यायला नको होता याचं वाईट वाटलं. रात्रभर चरून आलेल्या पक्ष्याला दिवसा टेकायला जागा लागते, तीच आपण काढून घेतली तर तो पुढच्या वर्षी इथे उतरेल कशाला? सरांनी त्या दोघांना बोलावून शांतपणे समजावलं, आणि त्यांनी ऐकूनही घेतलं.

परतीच्या वाटेवर गाडीत हीच चर्चा, जागा सांगायची की नाही. माझं मत स्पष्ट आहे. घुबडाची झाडातली ढोली, आखूड कानाच्या घुबडाची माळावरची बसायची जागा, कुणाचंही घरटं, हे ग्रुपवरसुद्धा टाकू नये. तलावाचं मात्र उलट. तलावाचं नाव सांगावं, नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकावी, जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत आकडा द्यावा, कारण उद्या तलावात भराव पडायला लागला किंवा कुणी तो भाड्याने द्यायला काढला तर इथे पट्टकादंब येतात हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. आपल्याकडे याची परंपराही जुनी आहे. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात काम करणाऱ्या ई. ए. डी'अब्रू यांनी १९३५ सालीच मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी छापली होती, आणि मारुती चितमपल्लींनी तर आयुष्यच या विदर्भाच्या जंगल-तलावात घालवलं. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात तो आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. पूर्व विदर्भात कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यातले कितीतरी गाळाने आणि बेशरमाने भरत चाललेत. त्यांच्याकडे कुणी रोज बघणारं असेल तर ते असे ढिवर काकाच. पक्षी कधी येतो, कुठे चरतो, कधी उतरतो हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं, तेव्हा काठावर गेल्यावर आधी त्यांच्याशी बोला आणि मग दुर्बीण काढा.

दिघोरीला तर्री पोहे खाल्ले, तिथेच बसून यादी भरली, ग्रेलॅगसमोर एक लिहिलं, पंखाचा फोटो जोडला आणि खाली सरांनी सांगितलेल्या खुणा एकेक करून टाकल्या. पुढच्या रविवारी मकरधोकड्याला जायचं ठरतंय, तिकडे काळे करकोचे आलेत असं कुणीतरी म्हणत होतं. गाडीत एक जागा आहे, यायचं असेल त्यांनी भडक नसलेले, मातकट रंगाचे कपडे घालून यावं, आणि पहाटे पाच म्हणजे पाच.