तुम्ही विचारलंत म्हणून: सोळा वर्षांच्या पोरांना खुनाचा सिनेमा कशाला?

लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात आरती झाली, प्रसादाचे द्रोण हातात आले की कुणीतरी विचारतंच. नाशिकहून मामांचा फोन आला की तेही फिरून फिरून तिथेच येतात. “अगं, सोळा-सतरा वर्षांची पोरं ती. त्यांना खून-मारामाऱ्यांचा सिनेमा कशाला करायला देतेस? दुसरा विषय नाही का मिळत?”

उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धंच राहतं. या वेळी बसून, नीट देते.

मी पूर्व लंडनमधल्या एका कॉलेजात मीडिया स्टडीज शिकवते. आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयाची मुलं इथे ए-लेव्हल करतात. 2008 साली ओसीआर या परीक्षा मंडळाचा जो अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात पहिल्या वर्षाला एक मोठं काम होतं: एका नव्या, काल्पनिक सिनेमाची फक्त सुरुवात करायची, टायटल्ससकट, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. चित्रण आणि आवाज मुलांचे स्वतःचेच हवेत. बाहेरून घ्यायचंच तर कॉपीराइट नसलेलं संगीत किंवा साउंड इफेक्ट, एवढीच सूट. 100 पैकी 20 गुण अभ्यास आणि आखणीला, 60 प्रत्यक्ष फिल्मला, 20 नंतरच्या मूल्यमापनाला. सिनेमा कोणत्या प्रकारचा, हे मंडळ सांगत नव्हतं आणि मीही सांगत नव्हते. क्राइम मुलंच निवडायची. दर वर्षी वर्गातले निम्म्याहून जास्त गट तिकडेच वळायचे.

त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. प्रेमकथेला अभिनय लागतो, विनोदाला तर फारच कसलेला लागतो. गुन्ह्याच्या गोष्टीला एक रिकामा जिना, एक हातमोजा आणि कुणीही न उचललेला फोन पुरतो. अभिनय न येणाऱ्या मित्राला पाठमोरं चालवता येतं. शिवाय डिसेंबरात लंडनला चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे कॉलेज सुटलं की रात्र फुकटात मिळते.

गोष्टीला हात लावण्याआधी सगळ्यांना एक छोटा सराव करावा लागायचा. एक पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीत बसतं आणि दोघं एक-दोन वाक्यं बोलतात. बस्स. पोरांना वाटायचं, यात काय एवढं! मग एडिटिंगला बसली की कळायचं. बाहेरून घेतलेल्या शॉटमध्ये उजव्या हातानं धरलेली दाराची मूठ आतल्या शॉटमध्ये डाव्या हातात गेलेली असायची. कॅमेरा दोघांच्या मधली रेषा ओलांडून पलीकडे गेलेला असायचा, त्यामुळे समोरासमोर बसलेली दोन माणसं पडद्यावर एकाच दिशेला बघत बोलताना दिसायची. एका गटानं अडीच वाजता शूटिंग सुरू केलं आणि पावणेपाचला संपवलं. प्रश्न विचारणाऱ्याच्या गालावर ऊन आणि उत्तर देणाऱ्याच्या मागे खिडकीत मिट्ट काळोख! तीन दिवसांनी त्यांनी सगळं पुन्हा केलं, एका तासाच्या आत, आणि कोणता हात कुठे होता ते वहीत लिहून ठेवत. दार उघडून खुर्चीत बसणं ज्याला सरळ दाखवता येत नाही, त्याच्या खुनावर कोण विश्वास ठेवणार?

आता मामांच्या काळजीकडे येते, कारण ती काळजी खोटी नाही.

पहिले स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉट्सची कागदावर काढलेली चित्रं, हातात आले की त्यांत हमखास एक गल्ली, एक हुडीवाला आणि एक सुरा. एका वर्षी चार जणांच्या एका गटानं अगदी हेच आणलं. हुडीतला मुलगा दुसऱ्याचा पाठलाग करतो, सुरा चमकतो, पडदा काळा. ज्यानं हे काढलं होतं तो स्वतः हुडी घालून माझ्यासमोर बसला होता. मी त्याला एवढंच विचारलं, “हा कोण आहे?” तो म्हणाला, “कुणी नाही मिस, खुनी आहे.”

आमच्या भागात सुरा हा सिनेमातला सुरा नसतो. गटातल्या एका मुलाचा चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी तशाच हल्ल्यात गेला होता. वर्गात बहुतेकांना ते माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. तो मुलगाही बोलला नव्हता. साउंड मी बघतो, म्हणाला होता, आणि गप्प बसला होता.

सुरे-पिस्तुलं बाहेर न्यायची नाहीत, हा माझा नियम होताच. त्याला कायद्याचंही कारण आहे. इथे योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी खोटं पिस्तूल बाळगणं हाही गुन्हा आहे, आणि 2006 च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना तसलं पिस्तूल विकायलाही बंदी आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गटानं मला न सांगता खेळण्यातलं पिस्तूल पार्कात नेलं, कुणीतरी खिडकीतून पाहिलं आणि पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. कुणाला काही झालं नाही, पण त्या संध्याकाळी चार घरी फोन करताना माझा हात कापत होता. तेव्हापासून शूटिंगचा पहिला कागद म्हणजे जागा, वेळ, सामान आणि धोका काय, याचा तक्ता. त्यावर माझी सही झाल्याशिवाय कॅमेरा हातात मिळत नाही.

पण “सुरा नको” एवढं सांगून काम भागत नाही. सुऱ्याच्या जागी काय, हे शिकवावं लागतं.

त्यासाठी मी फ्रिट्झ लांग यांनी 1931 साली जर्मनीत केलेल्या ‘एम’ची सुरुवात दाखवते. आई ताट मांडून शाळेतून येणाऱ्या लेकीची वाट बघते आहे. घड्याळ पुढे सरकतं. ती हाक मारते आणि आपल्याला दिसतो रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला रिकामा माळा, तसंच राहिलेलं ताट. मग झुडपातून एक चेंडू घरंगळत येतो. एक फुगा तारांत अडकतो आणि उडून जातो. बास. मोबाइल हातात घेऊन जन्मलेली मुलं, काळापांढरा जर्मन सिनेमा, आणि तरी फुगा तारांत अडकतो तेव्हा वर्गात खुर्चीसुद्धा वाजत नाही. कुणी वार केला नाही, रक्त सांडलं नाही, पण काय झालं ते शेवटच्या बाकावरच्यालाही कळलेलं असतं. आणि ते त्याला त्याच्याच मनानं दाखवलेलं असतं.

रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक आमच्याच भागातले. 1899 साली लेटनस्टोनला एका भाजीवाल्या दुकानदाराच्या घरी जन्मले. तिथल्या ट्यूब स्टेशनात त्यांच्या सिनेमांवरची आणि आयुष्यावरची 17 मोझेक चित्रं लावली आहेत आणि माझी कितीतरी मुलं रोज त्यांच्यासमोरून जातात. प्रेक्षकाला किती कळू द्यायचं आणि पात्राला किती, या हिशेबावर त्या माणसानं जन्म काढला. मुलांना मी तोच हिशेब मांडायला लावते. कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे, या दोन मिनिटांत प्रेक्षकाला काय कळेल. उजवीकडे, काय कळणार नाही. उजवा रकाना रिकामा असेल तर तुमच्याकडे सिनेमाची सुरुवात नाही, बातमी आहे.

त्या गटात बांगलादेशी घरातली एक मुलगी होती, कमी बोलणारी. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “ज्यानं केलं त्याची आई दाखवू या का?” गोष्ट एवढीच: रात्रीची वेळ, स्वयंपाकघरात एक बाई मुलाचा शाळेचा पांढरा शर्ट धुते आहे. वरच्या मजल्यावर पावलं वाजतात. फोन वाजतो, ती उचलत नाही.

शूटिंग तिच्याच घरी झालं आणि हात तिच्या आईचे. फेब्रुवारीत सत्राच्या मध्ये असते त्या सुट्टीतली एक दुपार, खिडकीला काळं कापड लावून केलेली रात्र. मी दारात उभी होते. मुलांनी लाल रंग कालवून आणला होता. आई सिंकसमोर उभी राहिली, शर्ट हातात घेतला आणि थांबली. लेकीला तिनं बंगालीत काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, “डाग कसला आहे ते विचारतेय.” मुलांनी सांगितलं, ते महत्त्वाचं नाही, फक्त धुवा. पण बाई धुवायला तयार नाहीत. डाग कसला ते कळल्याशिवाय धुणार कसं? तेलाचा असेल तर गरम पाणी. रक्ताचा असेल तर गार, गरम पाण्यानं रक्त कापडात पक्कं बसतं.

चौघंही एकमेकांकडे बघत राहिले.

इथल्या जुन्या घरांत सिंकला दोन वेगळे नळ असतात, एकावर लाल ठिपका, दुसऱ्यावर निळा. मुलांनी तिथल्या तिथे शॉट बदलला. हात आधी लाल ठिपक्याच्या नळाकडे जातो. मुठीवर टेकतो. थांबतो. मग निळ्याकडे वळतो. लाल रंगाची बाटली उघडलीच नाही. बाईंनी शर्टाची बाही उलटी केली, कफ अंगठा आणि तळव्यामध्ये धरून चोळू लागल्या, जसं त्या रोज चोळत असतील तसं. त्याला कुठल्याही अभिनयाच्या वर्गात शिकवता आलं नसतं.

हे मी मामांना फोनवर सांगितलं. “म्हणजे काय झालं मग?” मामा म्हणाले. मागून मामीचा आवाज आला, “गार पाणी घेतलं ना तिनं? मग रक्तच ते.” नाशिकच्या स्वयंपाकघरात बसून, एक फ्रेमही न बघता.

एडिटिंगला सहा आठवडे लागले. पहिला रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, 3 मिनिटं 40 सेकंदांचा. मर्यादा दोन मिनिटांची, म्हणजे सेकंदाला 25 प्रमाणे 3000 फ्रेम्स, एकही जास्त नाही. काय गेलं? वरच्या मजल्यावरचा मुलगा पूर्णच गेला. त्याचा चेहरा चार शॉट्समध्ये छान आला होता आणि ती भूमिका करणारा मुलगा गटातलाच होता, हुडीवाला. त्यानंच सांगितलं, काढा. चेहरा दिसला की लोक ठरवून मोकळे होतात, म्हणाला. पहिल्या कागदावर ज्याला तो “कुणी नाही” म्हणाला होता, त्याच्याबद्दलच हे बोलणं. शेवटी उरली ती फक्त त्याची पावलं, छताकडे वळलेली आईची मान आणि अंधारात सुरू होणारा पाण्याचा आवाज. पाणी आधी ऐकू येतं, सिंक चार सेकंदांनी दिसतं. असा आवाज पुढे ओढून घेतला की डोळे आपोआप शोधू लागतात. दिग्दर्शन, संकलन वगैरे नावं लहान पांढऱ्या अक्षरांत, फेस विरतो त्या जागी. ते जमायला एक अख्खा शनिवार गेला.

मंडळाच्या मूल्यमापनात सात प्रश्न असायचे. त्यांतला एक, तुमच्या कामातून समाजातल्या कोणत्या गटाचं कसं चित्र उभं राहतं. बाकीच्या प्रश्नांना मुलं ठरावीक उत्तरं द्यायची. याला त्या हुडीवाल्यानं दोन पानं लिहिली. मामा, मी मुलांना गुन्हा करायला देत नाही. गुन्हा त्यांच्या रस्त्यावर माझ्या आधी पोचलेला आहे, आणि तो रोज पडद्यावर दुसरंच कुणीतरी त्यांच्या नावानं दाखवत असतं. वर्षातून दोन मिनिटं कॅमेरा त्यांच्या हातात असायचा. कुणाचा चेहरा दाखवायचा आणि कुणाचा नाही, हे त्या दोन मिनिटांपुरतं तीच ठरवायची. त्यासाठी मला प्रेमकथेपेक्षा आणि पर्यावरणाच्या फिल्मपेक्षा हाच विषय बरा वाटतो.

2017 च्या सप्टेंबरपासून नवा अभ्यासक्रम आला, कामाचं स्वरूप बदललं. दाराचा सराव मी अजून घेते.

एक राहिलं, साउंडवाला मुलगा. शूटिंग संपल्यावर त्यानं सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं. रूम टोन घ्यायचा होता. कुणी काही न बोलता त्या खोलीचा जो आवाज असतो तो तीस सेकंद टेप करून ठेवतात, एडिटिंगमध्ये वाक्यांच्या मधली पोकळी भरायला. त्यानं हेडफोन लावला, मायक्रोफोन सिंकच्या वर धरला आणि हात वर केला. फ्रिज गुणगुणत होता. नळातून एक थेंब पडला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. त्या मुलीची आई ओला शर्ट हातात धरून उभी होती, आम्ही सगळे उभे होतो. तीस सेकंद झाली तरी त्यानं हात खाली घेतला नाही. कुणी हललं नाही. मिनिटभरानं त्यानंच घेतला.

शेवटच्या काळ्या पडद्यावर सिनेमाचं नाव येतं तिथे गटानं एक गंभीर संगीत निवडून ठेवलं होतं. त्यानं ते काढायला लावलं आणि तिथे तो रूम टोन टाकला. चार सेकंद, फ्रिज आणि एक थेंब.