कॉफीशॉपमधली गर्दी आणि ती एकटी मुलगी

आज कॉफीशॉपमध्ये लॅपटॉप उघडून बसले खरी पण काम शून्य, सगळं लक्ष काउंटरकडे. तुफान गर्दी, ऑर्डरच्या चिठ्ठ्या एकाखाली एक लटकतायत आणि कॉफी करायला एकटी मुलगी, त्यात मधेच कोणीतरी वायफायचा पासवर्ड विचारतंय. एक साहेब कानाला फोन लावूनच ऑर्डर देत होते, तिने कप मोठा की छोटा विचारलं तर नुसतं बोट नाचवलं आणि मग छोटा आला म्हणून आवाज चढवला, वर "किती वेळ लावता" हे आहेच! अहो एस्प्रेसोचा एक शॉट, म्हणजे मशीनमधून येणारी ती घोटभर कडक कॉफी, पडायलाच 25-30 सेकंद लागतात, घाईघाईत आधी बंद केला तर आंबट लागतो, आणि दूध 65 डिग्रीच्या फार पुढे तापवलं की त्याचा गोडवा गेलाच. पण साहेबांना कोण सांगणार. तिने गुपचूप मोठा कप घेतला, दूध फेसाळलं, वाफेची नळी ओल्या फडक्याने पुसली, परत एकदा वाफ सोडून साफ केली... एवढ्या गडबडीत पण प्रत्येक वेळी, एकदाही टाळलं नाही हो!! मानलं तिला.

बाकी सगळेच तसे नव्हते हां. एका काकूंनी उठताना कप, बशी, चुरगळलेले टिश्यू सगळं ट्रेमध्ये गोळा करून काउंटरवर नेऊन दिलं आणि "मस्त झाली होती गं कॉफी" म्हणाल्या. ती छान हसली, पण हसता हसताच पुढची चिठ्ठी ओढली. साहेब तोवर कप उचलून निघाले, थँक्यू वगैरे काही नाही, फोन चालूच.