मामाच्या वळणावर गेलंय म्हणे!

पाचवा महिना सरला तरी माझ्या बहिणीच्या लेकरानं मान धरली नव्हती, उचललं की डोकं मागं पडायचं. आमच्याकडं त्यावर उत्तर तयार होतं, मामाच्या वळणावर गेलंय, मामा पण उशिराच चालला. मामा म्हणजे माझा भाऊ, चालला असंल उशिरा, पण मान तर धरत होता ना! लंगोट बदलताना ह्याचे पाय कातरीसारखे एकमेकांवर जायचे, मुठी आवळलेल्या अन् अंगठा आत. जावळाला आलेल्या बायका म्हणायच्या किती ताकद आहे बघा पायात. ती ताकद नव्हती, कडकपणा होता.

परभणीच्या बालरोगवाल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, जन्मल्यावर लगेच रडलं होतं का? नव्हतं रडलं. ताईला कळा रात्रभर चालू, पाणी हिरवट गेलेलं, बाळ बाहेर आल्यावर पाठ चोळली, ऑक्सिजन लावला, काचेत ठेवलं, दुसऱ्या दिवशी झटके आले. अन् डिस्चार्ज कार्डावर ह्या सगळ्याचं एका ओळीत काम उरकलेलं, "बाळ उशिरा रडले". नंतर एमआरआय झाला, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी निघाली, मेंदूला इजा झाल्यानं हालचालीवर ताबा न राहणं.

मग घरात दोन पार्ट्या. एक म्हणते हॉस्पिटलला सोडायचं नाही, दुसरी म्हणते नशिबाचा भोग आहे, नवस बोला. मला दोन्ही पटत नाही. प्रत्येक सीपी डिलिव्हरीतल्या चुकीनं होत नाही. कमी दिवसाचं बाळ, पोटात असताना झालेलं इन्फेक्शन, जन्मल्यावर डोक्यात चढलेली कावीळ, कारणं लई आहेत. आणि बाळ रडलं नाही एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, कोर्ट विचारतं की त्या वेळी जे करायला पाहिजे होतं ते केलं का? कळा चालू असताना बाळाचे ठोके निदान अर्ध्या तासाला अन् जोर काढायच्या वेळी दर पाच मिनिटाला बघायचे असतात, पार्टोग्राफ नावाच्या कागदावर ते मांडायचे असतात. म्हणजे भांडण आहे ते कागदाचं, आणि कागद हॉस्पिटलच्या कपाटात!

म्हणून माझं सांगणं एवढंच की केस करायची का नाही ते नंतर ठरवा, फाईल आधी मागा. पूर्ण इनडोअर फाईल म्हणजे भरती असतानाचे सगळे कागद, नर्सिंग नोट्स अन् बाळाच्या पेपरसकट, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमाप्रमाणं मागितल्यावर ७२ तासात द्यावे लागतात, अन् जपून ठेवायचं बंधन ३ वर्षांचंच. ग्राहक आयोगात तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षं, उशीर माफ होऊ शकतो पण सबळ कारण द्यावं लागतं, आणि लेकरू चालंना हे कळेपर्यंतच निम्मा वेळ जातो! डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच सांगितलंय, फक्त जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार आहेत तिथं तो कायदा चालत नाही, मग दिवाणी कोर्टाचा रस्ता.

आमची फाईल आली एकदाची. पार्टोग्राफचं पान आहे, रात्रीचे रकाने कोरे. त्याचा अर्थ काय ते दुसरे स्त्रीरोगतज्ज्ञ लेखी सांगतील तेव्हा वकील पुढं बोलणार, तोवर मी त्या हॉस्पिटलचं नाव इथं लिहिणार नाही, विचारू पण नका.

पण निकालाची वाट बघत थेरपी थांबवू नका हो. आमच्या ओळखीतले एकजण तेच करायलेत, "आधी केस लागू द्या" म्हणतेत, अन् लेकराचे स्नायू आखडत चाललेत. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे अशा लेकरांची तपासणी अन् थेरपी करणारं केंद्र असतं, २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, अंगणवाडीत तपासणीला येणारी टीमच तिकडं पाठवते. तिथल्या ताईंनी छातीखाली टॉवेलची गुंडाळी देऊन पालथं ठेवायला शिकवलं, समोर खुळखुळा. पहिल्यांदा नुसता भोकाड पसरायचा, आता कोपरावर उठून खुळखुळा ओढून घेतो अन् परत देत नाही.

अजून एक, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लवकर काढा. सीपीसाठी नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात ठराविक मर्यादेत थेरपीचा खर्च पण बसतो. आम्हाला हे डॉक्टरांनी नाही, थेरपीच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका आजीनं सांगितलं.