व्याधाखालून गेलेला अग्निगोल

१३ डिसेंबरची रात्र आम्ही तिघांनी उघड्या पठारावर काढली. मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचा तो भर. रात्री दहाला पोचलो, सतरंज्या अंथरल्या आणि मोबाईल पिशवीत टाकले. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि स्क्रीन एकदा उघडली की ती मेहनत पाण्यात. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन बांधलेलं बरं.

मध्यरात्रीपर्यंत बारीक उल्का मोजत होतो. दोननंतर मात्र आधी जमीन उजळली. माझ्या हाताची सावली सतरंजीवर पडली आणि सरकू लागली! वर पाहिलं तर पुनर्वसूच्या ताऱ्यांकडून निघालेला पिवळट गोळा व्याध ताऱ्याच्या खालून दक्षिणेकडे चालला होता. शेवटी हिरवट झाला, दोनदा फुलला आणि तुटला. सगळं मिळून चार सेकंद. मागे राखाडी रेघ राहिली. दुर्बिणीतून ती वाकडी होत विरताना दिसली, तिथल्या वाऱ्यांनी ओढल्यासारखी. ते बघताना कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही.

शुक्रापेक्षा तेजस्वी उल्का दिसली, तर तिला अग्निगोल म्हणतात. मिथुनेच्या उल्का फेथॉन या लघुग्रहाच्या कचऱ्यातून येतात, सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने. ययाती तारकासमूहातल्या उल्का ५९ च्या वेगाने येतात, त्यामानाने या संथ. म्हणून त्या नीट न्याहाळता येतात.

आता, तुम्हाला असं काही दिसलं तर कॅमेरा शोधत बसू नका. उभे आहात तिथेच राहा. कुठल्या ताऱ्यापाशी सुरू झाला, कुठे विझला, हे लगेच बोलून ठेवा. आठवण फार लवकर फसवते. तारे ओळखता येत नसतील तर झाड किंवा डोंगराचा कडा खूण म्हणून धरा. हात लांब केला की मूठ साधारण १० अंश भरते, त्यावरून उंची मोजा. आणि पाच मिनिटं शांत राहून कान द्या. ८० किलोमीटरवरून आवाज यायला चार मिनिटं लागतात. आम्हाला काही ऐकू आलं नाही. एवढा खडा बहुधा वरच जळून संपतो. पण गडगडाट ऐकू आला, तर दगड खाली पोचला असण्याची शक्यता असते. तेव्हा तुमची वेळ आणि दिशा फार मोलाची. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर त्यासाठी फॉर्म आहे. दोन वेगळ्या ठिकाणांहून नोंदी आल्या की उल्केचा मार्ग काढता येतो.

आमची नोंद पहाटे तीनच्या आत वहीत उतरली होती. पेन्सिलीनेच लिहा, थंडीत बॉलपेन चालत नाही.