आण्णांचा मृत्यू दाखला आणि एका नावाची चूक - माझा अनुभव

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन आता चार महिने होतील. त्यांच्या दाखल्यासाठी जी धावपळ झाली ती सविस्तर लिहितेय, कारण चूक आमचीच होती, अगदी साधी होती आणि कुणाच्याही घरात होऊ शकते.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. आण्णा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. एका रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून आधी तालुक्याला नेलं, तिथनं पुण्याला, कारण मी पुण्यात असते. अ‍ॅडमिट करताना फॉर्म चुलतभावानं भरला, रात्रीचे दोन वाजलेले, आण्णांना स्ट्रेचरवर आत नेत होते, त्याच्या तोंडात जे नाव होतं तेच त्यानं सांगितलं. अख्खं गाव त्यांना त्याच नावानं ओळखायचं, आधारवरचं पाळण्यातलं नाव आमच्यातल्याही अर्ध्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे आण्णा गेले. बॉडी ताब्यात घेताना समोर कागद आले, मी सह्या केल्या, एक ओळ वाचली नाही. त्यातच मृत्यू नोंदणीचा कागद होता, नमुना 2, आणि दाखल्यावर जे नाव येतं ते तिथूनच येतं. तेव्हा कुणीतरी आधार कार्ड शेजारी धरून नाव ताडून बघायला हवं होतं.

अंत्यविधी गावी केला. तेराव्यानंतर भाऊ ग्रामपंचायतीत गेला, तर ग्रामसेवकांनी त्याला बसवून नीट समजावलं की मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद होते, माणूस राहायला कुठं होता, अग्नी कुठं दिला याचा काही संबंध नाही. हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर 21 दिवसांच्या आत कळवायची जबाबदारी हॉस्पिटलची. घरी गेले असतील तर मात्र घरच्यांनीच कळवायचं आणि डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट घ्यायचं. म्हणजे आमचा दाखला पुण्यातूनच मिळणार होता, गावात हेलपाटे घालून उपयोग नव्हता.

दाखला हातात आला तेव्हा तारीख बरोबर, पत्ता बरोबर, आजी-आजोबांची नावं बरोबर, आणि आण्णांच्या रकान्यात हाक मारायचं नाव. मला वाटलं चालून जाईल. नाही चाललं. बँकेत काउंटरवरच्या मुलीनं पासबुक आणि दाखला शेजारी शेजारी ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हे तेच कशावरून?" तिचं काही चुकलं नव्हतं पण मला तिथंच रडू फुटलं. सातबारा, एलआयसी, पीएफ सगळीकडे कागदोपत्री नाव, फक्त दाखल्यावर वेगळं.

मग दुरुस्तीचा अर्ज केला. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम 15 आहे, त्याखाली निबंधक चूक दुरुस्त करू शकतात. आम्ही आधार, पॅन, आण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला, माझं प्रतिज्ञापत्र आणि हॉस्पिटलचं पत्र जोडलं. शिवाय त्यांना ओळखणाऱ्या दोन माणसांनी लिहून द्यावं लागलं की दोन्ही नावांचा माणूस एकच. एक मामा आले आणि दुसरे आण्णांच्या गाडीवरचे ड्रायव्हर काका, तेही सत्तरी ओलांडलेले, पहाटेच्या एसटीनं आले. त्यांना खरं नाव पाठ होतं कारण डेपोत ड्यूटीच्या बोर्डावर तेच लागायचं. सही करताना हात थरथरत होता, तरी पूर्ण नाव काढूनच सही केली त्यांनी. तिथल्या क्लार्कनी सांगितलं की मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतात. मला हे ऐकून बरं वाटलं का कोण जाणे, दोन्ही नावं आण्णांचीच होती ना.

नवीन दाखल्याच्या आठ प्रती एकदमच घेतल्या. कोण मूळ प्रत बघून परत देतं, कोण ठेवूनच घेतं, आणि एकेका प्रतीसाठी परत पुण्याला येणं गावच्या माणसाला परवडत नाही. अजून एक, दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, कायद्यानंच ते छापत नाहीत, त्यामुळे विम्यासाठी हॉस्पिटलची फाइल जपून ठेवा.

आमच्या चुलत आजीची तर नोंदच केली नव्हती, घरी गेली, कुणाला सुचलंच नाही. वर्ष उलटून गेलं की पूर्वी कोर्टातून आदेश आणावा लागायचा, 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला, आता जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी आदेश देतात. तरी ते काम मोठंच आहे, 21 दिवसांत कळवून मोकळं व्हावं.

दाखला घरी आणला तेव्हा आईजवळ चष्मा नव्हता, म्हणाली नाव वाच. मी वाचलं. "लग्नपत्रिकेत हेच होतं," एवढंच बोलली आणि सगळ्या प्रती मोजून आण्णांच्या जुन्या ट्रंकेत ठेवल्या. तिच्या पेन्शनचे कागद पीएफ ऑफिसला दिलेत. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्यांकडे झालाय, हरकतीची 15 दिवसांची नोटीस गेल्या सोमवारी लागली.